गाजर, मुळा, बीट: आधी मातीचे तापमान मोजा, टॉनिकचे नंतर बघू

गाजराला फाटे फुटले, मुळा तिखटजाळ निघाला, बीट कापल्यावर आत पांढरी कडी दिसली, की पावले कृषी सेवा केंद्राकडे वळतात आणि एखादी टॉनिकची बाटली घरी येते. यातले बहुतेक बिघाड पेरणीच्या आसपासच ठरून गेलेले असतात. फवारणीने ते मागे फिरत नाहीत. मूळ लांबायचे की जाड व्हायचे, रंग भरायचा की नाही, साखर खाली साठायची की पाला माजायचा, हे झाडातली संप्रेरके (हार्मोन) ठरवतात. त्यांचा तोल मातीचे तापमान, ओल आणि भुसभुशीतपणा यांवर हलतो. या तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. पुढचे आकडे मुख्यतः गाजराचे आहेत; मुळा आणि बीट वेगळे वागतात तिथे तसे सांगितले आहे.

## संप्रेरके, कामापुरती

ऑक्सिन शेंड्याकडून मुळाकडे उतरते. मुख्य मुळाचे टोक शाबूत असेपर्यंत बाजूची मुळे दबून राहतात. टोक मोडले की बाजूची मुळे जोर धरतात, आणि फाटा फुटतो तो इथे.

सायटोकायनिन मुळांच्या टोकांत तयार होते. मूळ जाड होताना पेशींचे विभाजन चालू ठेवण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

जिब्रेलिन देठ, पाने आणि फुलदांडा लांबवते. ते वाजवीपेक्षा वाढले तर पाला उंच होतो, मूळ बारीक राहते आणि गाभा लाकडासारखा होतो.

ॲबसिसिक आम्ल पाण्याच्या ताणात वाढते आणि वाढ रोखते. तापलेल्या मातीत बी झोपून राहते, त्यामागेही हेच.

इथिलीन कडक जमिनीत आणि पाणी साचलेल्या जमिनीत मुळाभोवती कोंडते. मग मुळाची लांबी खुंटते आणि ते आडवे फुगते. काढणीनंतर हेच इथिलीन गाजर कडू करते, त्याचे शेवटी बघू.

## टप्पा १: तापमान दोन खोलींवर मोजा

हवेचे तापमान बघून पेरणी ठरवणे ही पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक. गाजराचे बी १ ते १.५ सेंमी खोल असते. ऑक्टोबरच्या दुपारी उघड्या काळ्या जमिनीचा वरचा थर ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकतो, तेव्हा १० सेंमीवर माती बरीच थंड असते. बी वरच्या थरात जगते, मूळ खालच्या थरात. म्हणून दोन वेगळी मापे लागतात.

१. धातूच्या सळईचा माती तापमापक घ्या. स्वयंपाकघरातला सळईवाला डिजिटल तापमापकही चालतो. वापरण्याआधी बर्फ घातलेल्या पाण्यात बुडवून तो शून्याच्या जवळ येतो का बघा.

२. पेरणीच्या १० दिवस आधीपासून २ सेंमी आणि १० सेंमी खोलीवर मोजा. सळईवर चिकटपट्टी लावून खोलीची खूण करा.

३. वेळ सकाळी ७ आणि दुपारी २. हवामान खात्याच्या कृषी वेधशाळाही मातीचे तापमान याच दोन वेळांना नोंदवतात, त्यामुळे जवळच्या केंद्राच्या आकड्यांशी ताडून पाहता येते.

४. शेतात तीन जागा निवडा. बांधाच्या सावलीत किंवा ठिबकच्या थेंबाखाली मोजू नका. सळई मातीत ५ मिनिटे राहू द्या आणि वरच्या डोक्यावर हाताने सावली धरा.

५. १० सेंमीसाठी दोन्ही वेळांची सरासरी काढा. २ सेंमीसाठी मात्र दुपारचाच आकडा महत्त्वाचा, कारण बियाला सरासरी नाही, कमाल तापमान मारते.

हे आकडे लक्षात ठेवा. गाजर उगवायला २० ते २७ अंश उत्तम. या तापमानाला आठवडाभरात कोंब दिसतात. १० अंशांना दोन आठवड्यांहून अधिक लागतात. २ सेंमीवर दुपारी ३५ च्या वर जात असेल तर पेरू नका. मूळ भरताना १० सेंमीवर सरासरी १६ ते २१ अंश हवे. ती २५ च्या वर टिकून राहिली तर मूळ आखूड, फिके आणि उग्र चवीचे होते. १५ च्या खाली मूळ लांब आणि सडपातळ होते, आणि त्याहून थंडीत रंगही नीट धरत नाही.

## टप्पा २: तारीख उलटी मोजा, मग जात निवडा

गाजराचे मूळ पेरणीनंतर साधारण ४० दिवसांनी जाड होऊ लागते आणि ८५-९० दिवसांपर्यंत भरते. तुमच्या भागात माती १६ ते २१ अंशांत असते ते आठवडे आधी पकडा आणि तिथून ४० दिवस मागे या. २५ ऑक्टोबरला पेरले तर मूळ ४ डिसेंबर ते २३ जानेवारीत भरते. २५ डिसेंबरला पेरले तर तोच काळ ३ फेब्रुवारी ते २५ मार्च असा येतो, म्हणजे रंग भरायच्या ऐन वेळी माती तापलेली. बाजारात उशिरा भाव मिळतो म्हणून डिसेंबर-जानेवारीत पेरणारे दरवर्षी याच हिशेबात फसतात.

महाराष्ट्राच्या पठारावर साधारण असे बसते:

- सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर मध्य: पुसा मेघाली किंवा कुरोदा प्रकारची नारिंगी जात. दोन्ही उष्णता सोसतात.
- ऑक्टोबर मध्य ते नोव्हेंबर अखेर: पुसा केसर, पुसा रुधिरा या लाल जाती.
- नोव्हेंबर ते डिसेंबरचा पहिला आठवडा: नँटीस. हिला थंड मातीच हवी.

कोकण आणि गोव्यात किनाऱ्याजवळची माती पुरेशी थंड होत नाही. तिथे नँटीसचा हट्ट धरू नका. कुरोदा किंवा सरळ मुळा घ्या. महाबळेश्वरला किंवा उटीला नारिंगी गाजर इतके देखणे का येते याचे कारण उंची आणि तिथली गार माती. तेच बियाणे आणून सपाटीवर मार्चमध्ये तसे निघणार नाही.

मुळ्यात पुसा चेतकी ही उन्हाळ-पावसाळ्याची जात. जपानी व्हाइट हिवाळ्याची. ती एप्रिलमध्ये पेरली तर आतून पोकळ आणि तिखट निघते. बिटाला डेट्रॉइट डार्क रेड चालते, पण मूळ भरताना माती तापली तर कापावर फिकट कडी पडते.

फुलदांड्याचा इशारा: लाल देशी गाजराला फुलावर यायला थंडी फारशी लागत नाही, त्यामुळे उशिरा पेरलेल्या किंवा शेतात रेंगाळलेल्या पिकात फुलदांडा लवकर निघतो. नँटीसला १० अंशांखालची थंडी कित्येक आठवडे सलग लागते, म्हणून सपाटीवर ती सहसा फुलत नाही. दांडा निघाला म्हणजे जिब्रेलिनचा जोर वर गेला आणि मुळातली साखर तिकडे निघाली. दांडा खुडून मूळ पुन्हा कोवळे होत नाही. असे झाड दिसले की उपटा.

## टप्पा ३: जमीन, म्हणजे इथिलीनचा बंदोबस्त

वाफसा (माती ना ओलीचिंब ना कोरडी, मशागतीजोगी) असताना अर्ध्या इंच जाडीची लोखंडी सळई हाताच्या जोराने जमिनीत दाबा. २५ ते ३० सेंमी अडथळ्याविना गेली पाहिजे. १५ सेंमीवर अडली तर खाली कठीण थर आहे. रोटाव्हेटर कितीही फिरवला तरी तो फुटत नाही, उलट त्याच्याच पात्यांनी तो बसतो. आधी खोल नांगरट करा किंवा सबसॉयलर (खालचा कठीण थर फोडणारे अवजार) चालवा, मग कुळव.

भारी काळ्या जमिनीत गादीवाफाच करा: माथा ६० ते ९० सेंमी, उंची २० ते ३० सेंमी. पाणी निथळते आणि मुळाभोवती हवा राहते. गादी केल्यावर तिच्यावर पाय देऊ नका. हे लहानसे वाटते, पण ज्या ओळीतून माणसे चालतात तीच ओळ आखूड निघते.

शेणखत पूर्ण कुजलेलेच आणि पेरणीच्या किमान महिनाभर आधी टाका. ताज्या शेणखताच्या गोळ्याला टोक अडले की ते वळते किंवा मरते, आणि फाटे फुटतात. दगड, मागच्या पिकाची धसकटे, तुरीची जून मुळे वेचून काढा.

तपासा: गादीत कोपरापर्यंत हात घालून मूठभर माती काढा. मूठ दाबून उघडल्यावर गोळा बोटाच्या टिचकीने फुटला तर वाफसा आहे. चिकटून राहिला तर थांबा. ओल्या मातीत केलेली मशागत पुढचे तीन महिने छळते.

## टप्पा ४: बियाणे

गाजराचे बी एकरी २ ते २.५ किलो, मुळ्याचे ४ किलो, बिटाचे ३ ते ४ किलो.

गाजराच्या बियाला बारीक काटे असतात आणि ते एकमेकांत अडकतात. हलक्या हाताने तळव्यांत चोळून ते काढा. आधी १०० बिया ओल्या कापडात ठेवून बघा. ६० पेक्षा कमी उगवल्या तर ते बियाणे वापरू नका. पेरणीआधी बी १२ ते २४ तास साध्या पाण्यात भिजवा, पाणी एकदा बदला, मग सावलीत इतकेच सुकवा की बोटांना चिकटणार नाही. चौपट कोरडी चाळलेली वाळू मिसळली की पेरणी एकसारखी पडते.

बिटाचे एक बी म्हणजे खरे तर अनेक बियांचा गुच्छ. त्याच्या सालीत उगवण रोखणारी द्रव्ये असतात. रात्रभर भिजवून सकाळी वाहत्या पाण्यात चोळून धुवा. मुळ्याला भिजवायची गरज नाही.

भिजवायच्या पाण्यात जिब्रेलिक आम्ल टाकण्याचा सल्ला मिळतो. पण चांगल्या बियाण्याला योग्य तापमानात त्याची गरज नाही, आणि माप चुकले तर रोप सुरुवातीलाच लांबट आणि लेचेपेचे निघते.

## टप्पा ५: पेरणी आणि पहिले १५ दिवस

सगळा जोर इथे लावा. पुढे केलेली कोणतीही मेहनत इथली चूक भरून काढत नाही.

१. आदल्या दिवशी गादी पूर्ण भिजवा. कोरड्यात पेरून वर पाणी सोडले तर बी वाहून एका जागी गोळा होते आणि माती वर पापुद्रा धरते.

२. पेरणी सायंकाळी ४ नंतर. ओळींत ३० सेंमी अंतर आणि खोली १ ते १.५ सेंमी. मुळ्यासाठी १.५ ते २, बिटासाठी २ सेंमी.

३. ओळीवर गव्हाचा भुसा किंवा भाताचा पेंढा, माती जेमतेम झाकेल इतकाच. त्याने दुपारचा तडाखा कमी होतो आणि ओल टिकते.

४. पहिले ७-८ दिवस सकाळ-संध्याकाळ थोडे पाणी, तुषार किंवा झारीने. बी फुगून एकदा जागे झाले आणि मग सुकले तर ते संपले. ते पुन्हा उठत नाही.

५. पहिले कोंब दिसले त्याच संध्याकाळी ओळीवरचे आच्छादन बाजूला सारा. एक दिवस उशीर झाला तरी रोपे पिवळी आणि लांबुडकी होतात.

सावध: ऑक्टोबरमध्ये काळे प्लास्टिक अंथरू नका, त्याने माती आणखी तापते. मल्चिंग पेपर वापरायचाच असेल तर चंदेरी बाजू वर ठेवा.

गच्चीवर लावणाऱ्यांसाठी: काळी ग्रो बॅग उन्हात शेतापेक्षाही जास्त तापते आणि बाजूंनी तापते. पिशवी ३० सेंमी खोल घ्या, भोवती गोणपाट गुंडाळा किंवा कुंड्या खेटून ठेवा, आणि तापमान मधोमध न मोजता पश्चिमेच्या कडेला मोजा.

## टप्पा ६: विरळणी

दाट रोपे एकमेकांची सावली ओळखतात आणि प्रकाशासाठी देठ लांबवतात. अन्न वर जाते, मूळ पेन्सिलीएवढे राहते. ‘थोडी मोठी होऊ द्या, मग कोवळी गाजरे विकू’ या विचारात विरळणी लांबते आणि अख्ख्या ओळीचे नुकसान होते.

पहिली विरळणी दोन-तीन खरी पाने (बीजदलांनंतर येणारी) आल्यावर, अंतर ३ सेंमी. दुसरी त्यानंतर दोन आठवड्यांनी, गाजराला अंतिम अंतर ६ ते ८ सेंमी, मुळ्याला ८ ते १०, बिटाला १०. मुळा भराभर वाढतो, म्हणून त्याची विरळणी १०-१२ दिवसांतच उरका.

आधी पाणी द्या आणि माती मऊ असताना रोप सरळ वर ओढा. फारच दाट असेल तर उपटण्यापेक्षा कात्रीने जमिनीलगत कापा, म्हणजे शेजारच्या रोपाचे टोक हलत नाही. काम झाले की लगेच हलके पाणी.

उपटलेली गाजराची किंवा मुळ्याची रोपे दुसरीकडे लावू नका. टोक तुटलेले असते, त्याला फाटेच फुटणार. बिटाची रोपे मात्र काळजीने हलवली तर लागतात.

## टप्पा ७: खत आणि पाणी

माती परीक्षण नसेल तर गाजराला हेक्टरी ८० किलो नत्र, ६० किलो स्फुरद, ६० किलो पालाश हे प्रमाण धरून चाला. अर्धे नत्र आणि बाकी सगळे पेरणीच्या वेळी. उरलेले नत्र ३० दिवसांनी. ४५ दिवसांनंतर युरिया नको. मुळांना भरपूर नायट्रेट मिळाले की सायटोकायनिन वर पाल्याकडे जाते, पाला फुटतो आणि मूळ भरायचे थांबते. गुडघाभर हिरवागार पाला बघून खूश होऊ नका, एक झाड उपटून बघा.

बिटाला बोरॉन कमी पडले की आत काळे डाग पडतात. परीक्षणात उपलब्ध बोरॉन ०.५ पीपीएमच्या खाली असेल तरच एकरी ४ किलो बोरॅक्स जमिनीतून द्या. दरवर्षी डोळे झाकून देऊ नका, जास्त बोरॉन विषारी ठरते.

पाण्याचा नियम: बोट ५ सेंमी आत घालून कोरडे लागले तर पाणी. आठ दिवस ताण आणि मग धो-धो पाणी हा प्रकार सर्वांत वाईट. ताणात साल आवळते, मग आतल्या पेशी एकदम फुगतात आणि गाजर उभे तडकते. उलट रोज पाणी साचवले तर हवा कोंडते, मूळ आखूड राहते आणि केसाळ होते.

## टप्पा ८: मूळ भरताना

४० व्या दिवसापासून पुन्हा तापमापक बाहेर काढा. आता फक्त १० सेंमीवर मोजायचे.

सरासरी २३-२४ अंशांकडे झुकू लागली तर ओळींच्या मध्ये उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा ५ सेंमी जाड पसरा आणि पाणी कमी अंतराने, थोडे थोडे, शक्यतो संध्याकाळी द्या. फरक दोन-तीन अंशांचाच पडतो, पण रंग आणि चव राखायला तेवढाही उपयोगी ठरतो. माती १४-१५ च्या खाली गेली, जसे नाशिक जिल्ह्यात निफाडकडे कडाक्याच्या थंडीत होते, तर हेच आच्छादन बाजूला करा म्हणजे ऊन थेट मातीवर पडेल. तेव्हा पाणी सकाळी उशिरा द्या.

याच काळात एकदा मातीची भर द्या. उघडा पडलेला माथा उन्हाने हिरवा होतो आणि कडवट लागतो. भर देताना पानांचा मधला कोंब गाडू नका.

### फवारायचे का?

द्राक्षातून उरलेले जिब्रेलिक आम्ल गाजरावर मारण्याची चूक सर्रास होते. त्याने मण्याची फुगवण होते म्हणून गाजरही फुगेल असे वाटते. घडते उलटे: पाने ताणतात, मूळ हलके राहते, गाभा कठीण होतो, फुलदांडाही लवकर निघू शकतो.

पॅक्लोब्युट्राझोल जिब्रेलिन अडवते, त्यामुळे पाला आखूड होऊन अन्न खाली वळते, हे खरे. पण आंब्यासाठी वापरले जाणारे हे रसायन जमिनीत दीर्घकाळ टिकते, पुढच्या पिकाला खुजे करते, आणि आपण तर मूळच खाणार. लेबलवर पिकाचे नाव नसेल तर ते वापरू नका. ज्या टॉनिकच्या बाटलीवर घटक आणि प्रमाण छापलेले नाही तिचे तर नावच काढू नका. तरीही मोह होत असेल तर चार ओळी फवारणीविना सोडा आणि काढणीला दोन्हीकडची पाल्याशिवायची मुळे तोला.

## टप्पा ९: काढणी आणि साठवण

पुसा केसर ८०-९० दिवसांत, नँटीस ९०-११० दिवसांत तयार. पुसा चेतकी ४०-४५ दिवसांत काढाच. मुळा शेतात थांबला की पोकळ होतो. बीट ६०-७० दिवसांत, चेंडूएवढे झाले की.

आदल्या संध्याकाळी हलके पाणी द्या आणि पहाटे काढा, कारण तेव्हा मूळ गार असते. पाला लगेच १-२ सेंमी देठ ठेवून कापा, नाहीतर पाने मुळातले पाणी ओढत राहतात. बिटाचा माथा मात्र कापू नका, रंग गळतो. धुतलेला माल सावलीत निथळू द्या. ओला माल प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला की सडतो.

शीतगृहात गाजराला शून्य अंशांच्या जवळ आणि ९५ टक्क्यांहून अधिक आर्द्रता हवी. केळी, सफरचंद, पिकते आंबे किंवा रायपनिंग चेंबर (फळे पिकवायची खोली) यांच्या शेजारी ते ठेवू नका. त्यांच्या इथिलीनमुळे गाजरात आयसोकौमरिन नावाचे कडू द्रव्य तयार होते आणि ते शिजवूनही जात नाही. घरच्या फ्रीजमध्येही हेच: सफरचंदे एका खणात, गाजरे दुसऱ्यात, बंद डब्यात.

## बिघडलेल्या मालावरून मागे जा

फाटे फुटलेले असतील तर सळई पुन्हा जमिनीत दाबा आणि शेणखत केव्हा टाकले ते आठवा. आखूड, बुंध्याशी फुगीर मूळ दिसले तर कठीण थर किंवा साचलेले पाणी. दोन्ही नसतील तर १० सेंमीची नोंद बघा, माती तापलेली सापडेल. फिके पण आकाराने बरे असेल तर तारीख चुकली. बारीक मूळ आणि दांडगा पाला म्हणजे दाटी किंवा उशिराचा युरिया. उभ्या भेगा पाण्याच्या. विरळ, तुटक उगवण झाली असेल तर बियाणेवाल्याशी भांडण्याआधी पेरणीच्या आठवड्यातला २ सेंमीचा दुपारचा आकडा काढा. आणि शेतात गोड असलेले गाजर गोदामातून कडू निघाले, तर त्याच खोलीत दुसरे काय ठेवले होते ते विचारा.